सीताबर्डीच्या टेकडीतले तळे

सीताबर्डी म्हटले की नागपूरकरांना किल्ला आठवतो, आणि किल्ल्याबरोबर १८१७ सालची आप्पासाहेब भोसले व इंग्रज यांची लढाई. पण या टेकडीच्या काळ्या पत्थरात आणखी एक गोष्ट दडली आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये एका तळ्याचा गाळ आहे आणि त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख आहेत. हे तळे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

या शंखांकडे जगाचे लक्ष वेधले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली, गोंडांच्या परंपरा आणि गाणी उतरवून घेतली. एवढ्या व्यापातून उरलेला वेळ ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर दगडांना देत. हातोडी घेऊन भोवतालच्या टेकड्या, नाले आणि खाणी धुंडाळत. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना जीवाश्मांचे घबाडच सापडले: शंख, फळे, बिया, इतकेच काय, भुंग्यांचे कठीण पंखसुद्धा. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

लाव्हाच्या पोटात भुंगा कसा जाईल? जात नाही, आणि इथेच थरांचे महत्त्व कळते. दख्खनचा पत्थर एका दमात साचलेला नाही. भेगांमधून उसळलेला लाव्हा पसरायचा, थिजायचा आणि मग उद्रेक थांबायचा. कधीकधी ही उसंत हजारो वर्षांची असे. तेवढ्या काळात खडकाचा वरचा थर कुजून त्याची माती होई, झाडे रुजत, अडलेल्या पाण्याची तळी बनत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकून टाकी. तळ्याच्या गाळात सिलिका मुरत गेली आणि त्याचा गारेसारखा टणक दगड झाला, म्हणून बीसुद्धा आकारासकट टिकली. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या कातळांच्या मधून तांबड्या मातीचा पट्टा अनेक ठिकाणी दिसतो. तोही अशाच एका उसंतीचा पुरावा आहे. प्रवासात तो पाहायला क्षणभर थांबावे, इतक्या मोलाचा.

नागपूरच्या आसपास याहून जुने खडकही उघडे पडलेले आहेत. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. तशीच पाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडली. ही सारी भूमी एके काळी जोडलेली होती, या निष्कर्षामागे या पानांची साक्ष मोठी आहे. मांगली या गावाहून हिस्लॉप आणि हंटर यांनी एका उभयचर प्राण्याची कवटी इंग्लंडला पाठवली. तिथले जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले.

मात्र खरा वाद रंगला तो तळ्याच्या गाळाच्या वयावरून. शंखांवरून हिस्लॉप यांनी तो डायनासोरांच्या नंतरच्या, तृतीयक काळातला ठरवला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनीही छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानसारख्या ठिकाणच्या ताड-माडांच्या जीवाश्मांवरून त्याच बाजूने कौल दिला. दोघांचीही निरीक्षणे काटेकोर होती, पण हा प्रश्न शंख आणि ताडांवर सुटणारा नव्हता. १९८०च्या दशकात बसाल्टमधल्या, म्हणजे या काळ्या पत्थरातल्या, आर्गॉन वायूचे आणि चुंबकत्वाचे मोजमाप झाले आणि मुख्य उद्रेकांचा काळ सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास आला. म्हणजे डायनासोर नाहीसे झाले, नेमका त्या सुमाराचा. त्याच दशकात हिस्लॉप यांच्याच टाकळीतून डायनासोरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाल्याची नोंद झाली. दख्खनवर लाव्हा वाहू लागल्यावरही इथे डायनासोर अंडी घालत होते.

हे कळायला हिस्लॉप नव्हते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. त्यांचे कागद पुढे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापले.

हिस्लॉप यांनी हाडे गोळा केलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा. इथली माती लमेटा थराची, म्हणजे लाव्हाच्या खालची. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून या थराला नाव पडले आणि जबलपूरलाच १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी स्लीमन यांना भारतातली पहिली डायनासोरची हाडे मिळाली. पिसदुऱ्याला हाडांबरोबर दगड झालेले शेणही भरपूर मिळते. १९३९ मध्ये भूवैज्ञानिक मॅटली यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, पण त्या शेणात काय आहे हे समजायला २००५ साल उजाडावे लागले.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या संशोधकांनी त्या शेणातले सिलिकाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वनस्पतीच्या पेशींत साचणारे हे कण झाड कुजले तरी उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. ताड आणि सूचिपर्णी वृक्ष अपेक्षितच होते. सोबत निघाले किमान पाच प्रकारचे गवत! तोवर डायनासोरांच्या काळात गवत जवळपास नव्हतेच असे मानले जाई. चित्रांतही त्यांच्या पायाखाली नेचे काढत. पिसदुऱ्याच्या शेणाने ते चित्र बदलले. हे शेण टायटॅनोसॉर या लांब मानेच्या महाकाय शाकाहारी प्राण्यांचे असावे, कारण त्याच थरात त्यांची हाडे आहेत. २०११ मध्ये याच अभ्यासातून पुढची बातमी आली: त्या गवतांत भाताच्या कुळातली गवतेही होती.