पिवळ्या दिव्याचा पेच

वाहतुकीच्या दिव्यांची भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास आहे, तिच्यातही अर्थ पालटले आहेत, याचा विसर पडतो. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटसमोर जे. पी. नाइट या रेल्वे-अभियंत्याच्या योजनेतून पहिला सिग्नल उभा राहिला. रेल्वेच्या तत्कालीन रूढीप्रमाणे त्यातल्या हिरव्या दिव्याचा अर्थ ‘जा’ नव्हे, ‘जपून’ असा होता. गॅसवर जळणारा तो सिग्नल काही आठवड्यांतच स्फोटाने निकामी झाला.

वेगातली गाडी सिग्नल दिसल्यावर लगेच थांबू शकत नाही, हे रेल्वेने तोवर ओळखले होते. म्हणून मुख्य सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे त्याची वर्दी देणारा ‘डिस्टंट’ सिग्नल असे. रस्त्याने रेल्वेकडून रंग घेतले. हे अंतर मात्र घेतले नाही. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी पिवळा दिवा आणला, तेव्हा अंतराऐवजी चार-दोन क्षणांची मुदत मिळाली.

ती पुरते का? हा प्रश्न गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी १९६० मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकातील निबंधात गणिताने मांडला. (यांतील रॉबर्ट हर्मन यांनीच १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासह विश्वातील अवशिष्ट प्रारणाचे भाकीत केले होते.) ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भान येण्यात एक सेकंद जातो आणि पुढे बेताचा ब्रेक लावला, तर गाडी थांबायला सुमारे १३० मीटर लागतात. पिवळा दिवा चार सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी १०० मीटर जाते. दिवा पिवळा होताना जो चौकापासून ११५ मीटरांवर आहे, त्याला नीट थांबताही येत नाही आणि लाल होण्याआधी चौक गाठताही येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो दोषी ठरतो, पण त्याच्यापुढे निर्दोष पर्याय कोणता होता?

अमेरिका-कॅनडातील वेगवान रस्त्यांवर या पेचाला उत्तर म्हणून पूर्वसूचनेचे फलक आले. हिरवा दिवा संपण्याच्या काही सेकंद आधी चौकाच्या अलीकडच्या फलकावर पिवळे दिवे लुकलुकू लागतात. काही ठिकाणी रस्त्यातले संवेदक येणाऱ्या गाड्यांचा अदमास घेऊन ही वेळ साधतात. डिस्टंट सिग्नलची जुनी जाण अशी शतकानंतर रस्त्यावर उतरली.

परंतु संहितेचा अर्थ केवळ लेखकाच्या हाती नसतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. ‘थांबायच्या तयारीत राहा’ या संकेताचे ‘अजून वेळ आहे, गाडी दामटा’ असेही वाचन होते. काही चालक फलक लुकलुकताच वेग वाढवतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून वाचकाच्या या स्वातंत्र्याचा हिशेब फलक लावणाऱ्यालाच आधी करावा लागतो. तरीही १९६० च्या त्या निबंधाने घालून दिलेली कसोटी मोलाची आहे: नियम मोडणाऱ्याला शासन करण्यापूर्वी, तो पाळणे त्याला शक्य होते का, हे नियम करणाऱ्याने तपासले पाहिजे.