ब्रह्मपुरीचा कांस्यसंचय

ब्रह्मपुरीचा कांस्यसंचय हा कोल्हापूर शहरात पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला प्राचीन कांस्यवस्तूंचा समूह होय. त्यात स्थानिक वस्तूंबरोबरच रोमन साम्राज्यातून आलेला आरसा, ओइनोखोई या ग्रीक नावाने ओळखली जाणारी मद्य ओतण्याची सुरई आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहान मूर्ती आहे. टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष व नाणी मिळाली. संचयातील प्रमुख वस्तू कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत.

युरोपीय संग्राहकांनी जमविलेली अनेक ग्रीक व इट्रुस्कन पात्रे इटलीतील थडग्यांतून कोणतीही नोंद न ठेवता काढली गेली. त्यामुळे त्यांचे सौंदर्य उरले, परंतु मूळ संदर्भ हरवला. ब्रह्मपुरीच्या वस्तूंचे स्थळ व तेथील वस्तीचा काळ ज्ञात असल्याने त्या केवळ शोभेच्या वस्तू न राहता, पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांमार्गे घाटमाथ्यापर्यंत पोहोचलेल्या सागरी व्यापाराचा महत्त्वाचा पुरावा ठरतात.