अभयारण्यातील अभय

कन्नड गाव मागे टाकून चाळीसगावची वाट धरली की काही मैलांतच मराठवाड्याचे पठार संपते आणि रस्ता नागमोडी वळणे घेत खानदेशात उतरू लागतो. हाच औट्रम घाट. त्याच्या दोन्ही अंगांना सातमाळा आणि अजिंठा डोंगररांगांचे जे रान पसरले आहे, त्याला शासनाने १९८६ साली 'गौताळा औट्रमघाट अभयारण्य' असे नाव दिले. सुमारे २६० चौरस किलोमीटरांचा हा टापू छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. आमच्या भागातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे लग्नकार्याच्या वा बाजाराच्या निमित्ताने या घाटातून ये-जा करतात. परंतु या वाटेचा इतिहास फारच थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

हे रान पायी पाहावे. सीतान्हाणी, धवलतीर्थाचा धबधबा, गौतम ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी गुहा, गौताळा तलाव ही सारी स्थळे पावसाळ्यानंतर विशेष रमणीय दिसतात. साग, सलई, धावडा, अंजन, पळस यांच्या सावलीत भेकर, चिंकारा, रानडुक्कर आणि आपण ज्याला रोही म्हणतो ती नीलगाय वावरते. बिबट्या, अस्वल आणि तरस यांचाही येथे वास आहे. जवळच इसवी सनापूर्वी कोरली गेलेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेला, कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेला यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. घाटाखाली पाटणादेवीचा परिसर आहे. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख तेथलाच. घाटातील रहदारीने मात्र या रानाची शांतता पार मोडली होती. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने दरडी कोसळून रस्ता बंद पडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने येथून जड वाहने नेण्यास मनाई केली.

अभयारण्य म्हणजे जेथे भय नाही असे अरण्य. पशूंना ते अभय १९८६ साली मिळाले. परंतु याच डोंगरात त्यापूर्वी एकशे एकसष्ट वर्षे माणसांनाही एक अभयवचन देण्यात आले होते. त्या माणसांची गणना तेव्हाचे सरकार आणि समाज गुन्हेगारांत करीत असे. ते होते या घाटांचे जुने रखवालदार, भिल्ल.

पूर्वी डोंगरातील वाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात असत. त्यांनी वाटसरूंचे व गावांचे रक्षण करावे आणि त्याबद्दल गावांनी त्यांना ठरलेला हक्क द्यावा, अशी रीत होती. पेशवाईच्या उतरत्या काळात ही घडी विसकटली. फौजांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. गावेच उठली, तेथे हक्क कोण देणार? रखवालदार लुटारू झाले. मग त्यांच्यावर जे अत्याचार झाले, ते लिहिताना लेखणी थरथरते. चौकशीवाचून फटके, चौकशीवाचून फाशी. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून विहिरींत टाकले. धरणगाव, चाळीसगाव आणि अंतूर येथे शेकडो भिल्ल मारले गेल्याची नोंद खानदेशच्या जुन्या गॅझेटियरात आहे. यातला अंतूरचा किल्ला आपल्या कन्नड तालुक्यात उभा आहे. सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. कॅप्टन ब्रिग्ज याने प्रारंभी बळाचाच मार्ग धरला. घाटांची नाकेबंदी झाली, रसद तोडण्यात आली, सातमाळ्यातील चिल नाईकाला फासावर चढवण्यात आले. एक टोळी मोडावी तो दुसरी उभी राहावी, असा प्रकार सात वर्षे चालला. डोंगरात उपासमार असेतोवर शिक्षेचे भय कोणाला वाटणार?

अखेर १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत धोरण पालटले. खानदेशासाठी तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांतील दक्षिण एजन्सीचे ठाणे होते घाटमाथ्यावरचे कन्नड, आणि तिचा प्रमुख होता ओव्हान्स नावाचा अधिकारी. त्याचे काम तलवारीचे नव्हते. डोंगर सोडून येणाऱ्यांना कौल द्यावा, मागील अपराध माफ करावेत, कसायला जमीन द्यावी, बैल, अवजारे आणि बियाणे यांसाठी तगाई द्यावी, तंटे मिटवावेत, आणि वसाहती वसवाव्यात, असे ते काम होते. त्याच वर्षी जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगाव येथे भिल्ल पलटणीची उभारणी आरंभिली. पहारा न घेता तो भिल्लांच्या पाड्यांवर जाई, त्यांच्याबरोबर शिकार करी, त्यांच्यात बसे. आरंभी फक्त नऊ जण भरती झाले. पुढे पलटण शेकड्यांनी वाढली. काल ज्यांना पकडण्यासाठी फौज धावत होती, त्यांच्याच हाती सरकारी खजिन्याचा पहारा आला. घाटाला औट्रमचे नाव मिळाले ते या कार्यामुळे.

येथपर्यंतची कथा गोड आहे, आणि बहुतेक पुस्तके ती येथेच थांबवतात. आम्हांस मात्र पुढे जाणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की, ज्या अभयारण्याला औट्रमच्या घाटाचे नाव आहे, त्याच औट्रमच्या नावावर खानदेशातील दहा वर्षांत १९१ वाघांची शिकार नोंदलेली आहे. त्या काळी ते शौर्य मानले जाई. वाघ नष्ट झाल्याने गावकऱ्यांना दिलासा मिळाला, हेही खरे. पण पुढे या डोंगरांतून वाघ नाहीसा झाला. २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तुडवीत गौताळ्यात येऊन पोहोचला, तेव्हा केवढे कौतुक झाले!

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कौल सर्वांपर्यंत पोहोचला नाही, आणि जेथे पोहोचला तेथेही तो सरकारच्या सोयीचा होता. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध भिल्ल पलटणच वापरण्यात आली. भावाच्या हातून भावावर बंदूक चालली. हा खाज्या पूर्वी सेंधवा घाटाच्या वाटेचा पहारेकरी, सरकारचाच चाकर. त्याला तुरुंगवास घडला, पुन्हा चाकरीत घेण्यात आले, आणि तो पुन्हा उलटला. भीमा नाईकाला काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. १८७६ साली तो अंदमानातच मृत्यू पावला. मार्च १८५८ मध्ये त्या बेटांवर कैद्यांची वसाहत सुरू झाली होती. तिचे मुख्य ठाणे होते रॉस बेट. २०१८ पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणून ओळखले जाते. आज तेथे कैद्यांच्या श्रमांनी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पडक्या भिंतींतून हरणे आणि मोर फिरतात. प्रवासी छायाचित्रे घेतात. गौताळ्यातही असेच आहे: रान सुंदर झाले आहे आणि माणसांचे दुःख दिसेनासे झाले आहे.

पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. पण लोकांच्या मनातला शिक्का काही एका दिवसात पुसला गेला नाही. जंगलावरील हक्कही सरकारी नियमांनी आवळत गेले. वनवासी कुटुंबांचा जमिनीवरील हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले.

ख्रिस्ती वाचकाला यात ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. जुन्या करारातील लेवीयच्या पुस्तकात योबेल वर्षाची आज्ञा आहे. पन्नासाव्या वर्षी कर्जात गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि दास मुक्त व्हावेत, असा तिचा आशय आहे. येथे क्षमा आणि जमीन या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. पोट भरण्याचे साधन न देता केलेली क्षमा टिकत नाही. कन्नडच्या एजन्सीने बैल आणि बियाणे दिले, म्हणून तिचा कौल काही काळ तरी टिकला. त्याच परंपरेतील २०२५ च्या पवित्र वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले. पुढे १७ एप्रिल २०२५ रोजी, पवित्र गुरुवारी, आजारी असतानाही ते रोममधील दुसऱ्या एका तुरुंगातील बंदिवानांना भेटून आले. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांनी देह ठेवला. आणि आपल्या प्रभूने क्रुसावरून स्वर्गाचे वचन ज्या एका माणसाला दिले, तो शिक्षा झालेला अपराधीच होता.

भारतीय ख्रिस्तसभेत १९८१ पासून प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही संस्था बंदिवानांसाठी कार्य करीत आहे, आणि ऑगस्टमधील दुसरा रविवार त्या सेवेसाठी राखलेला असतो. त्या रविवारी आपण प्रार्थना करतो, दानही देतो. परंतु शिक्षा भोगून गावी परतलेल्या माणसाला आपल्या शेतात वा दुकानात काम कोण देतो? कोठे चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीकडे बोट दाखवले जाते? शाळेत कोणाच्या लेकरांपासून आपली मुले दूर बसतात? या प्रश्नांची उत्तरे सरकारने वा संस्थेने देऊन भागणार नाही. ती आपल्या घराच्या उंबरठ्यावर द्यावयाची आहेत.

येत्या हिवाळ्यात ज्या धर्मग्रामांतून युवकांच्या सहली गौताळ्यास निघतील, त्यांनी लेणी पाहावीत, धबधबा पाहावा, रोह्यांचा कळप दिसला तर आनंद मानावा. प्लास्टिकचा कचरा मात्र रानात टाकू नये. आणि घाटमाथ्यावर क्षणभर थांबून मुलांना सांगावे की, या वाटेला एका गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव असले, तरी तिची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्लांनी केली. त्यांच्या नावाची पाटी येथे नाही. ती नावे आपण आपल्या प्रार्थनेत घ्यावीत, आणि त्यांच्या लेकरांना आपल्या अंगणात निर्भयपणे येऊ द्यावे.