रेडिओग्राम आणि थप्पीतली पाळी

परवा निर्मळच्या घरी गेलो होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे धूड एकतर विकू, नाहीतर आतलं यंत्र काढून वर टीव्ही ठेवू."

धूड म्हणजे आजोबांचा रेडिओग्राम. १९६६ साली त्यांनी तो मुंबईच्या चोरबाजारातून जुनाच आणला होता. लाकडी कपाट, पुढे स्पीकरचं जाळीदार कापड, झाकणाखाली एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड चेंजर.

ज्यांनी चेंजर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मधल्या उंच दांड्यावर आठ-दहा तबकड्यांची थप्पी अधांतरी बसायची. सगळ्यात खालची तबकडी 'थप्प' करून पडायची, सुईचा हात आपोआप तिच्यावर यायचा. गाणं संपलं की हात बाजूला व्हायचा आणि पुढची पडायची. शेवटची वाजली की यंत्र आपोआप बंद!

ही सोय मुळात आपल्यासाठी झालीच नव्हती. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, बारा इंचीत चार-पाच. अर्ध्या-पाऊण तासाची पाश्चात्त्य सिंफनी त्यामुळे तुकड्यातुकड्यांत विकली जाई, आणि ऐकणाऱ्याला दर चार मिनिटांनी उठावं लागे. १९२७ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने आपोआप तबकडी बदलणारं यंत्र बाजारात आणलं. पुढे तर चार तबकड्यांच्या संचात पहिल्या तबकडीच्या पाठीवर दुसरा नव्हे, आठवा भाग छापू लागले. एक ते चार वाजले की सगळी थप्पी उलटी करायची, की पाच ते आठ सुरू. १९४८ साली एलपी आली आणि ही अडचण बरीचशी संपली, तरी इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्डसारख्या कंपन्या पुढेही बरीच वर्षं चेंजर बनवत राहिल्या.

आपल्याकडे नाट्यपदं, भावगीतं तीन मिनिटांत बसवलेली आणि तेवढ्यात पुरी होणारी. जोडायला तुटलेलं काही नव्हतंच. मग चेंजरने आमच्या घरी काय जोडलं? माणसं!

दिवाळीत प्रत्येकाने एकेक तबकडी द्यायची आणि आजोबांनी ती दांड्यावर चढवायची. आजीची हिराबाई बडोदेकरांची, काकांची गजानन वाटव्यांची, आत्याची लताबाईंची. जी आधी चढेल ती आधी वाजेल, म्हणून पाळीवरून भांडणं. पण एकदा थप्पी लागली की मध्ये हात घालायचा नाही, हा आजोबांचा नियम. त्यामुळे आजीने सिनेमाची गाणी ऐकली आणि आत्याने नाट्यपदं. आवडो न आवडो, दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत बसायचं. नाताळात शेजारच्या वाडीतले ख्रिस्ती काका जिम रीव्ह्जची एलपी आणत. थप्पी एकाच गतीची लागते, ७८ मध्ये एलपी चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी फेरी व्हायची. तीही सगळे ऐकत.

भावाचं म्हणणं खोटं नाही. तबकडीवर तबकडी पडून सगळ्या खरवडल्यात. यंत्रही बंदच होतं. तरी मी म्हटलं, एकदा बघू. मुंबईतल्या एका जुन्या कारागिराने कंडेन्सर बदलून दिले. आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं, ते मी रॉकेलने पुसलं. रबरी चाक पॉलिशपेपरने घासलं.

तीन तबकड्या चढवल्या. आजीची, काकांची, आत्याची. त्यांपैकी कोणीच आता नाही. व्हॉल्व्ह तापले आणि पहिली 'थप्प' करून पडली. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. दुसरी पडली तेव्हा आत येऊन बसला. तिसरी संपून हात जागेवर गेला तरी बोलला नाही.

टीव्ही सध्या भिंतीवरच आहे.