धोतराची गाठ, परकराची नाडी आणि दोन डॉक्टर

धोतर नेसून कॅन्सर होतो असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण 'धोती कॅन्सर' हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, आणि ते आपल्या मुंबईतून गेलंय.

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक शोधनिबंध छापला : सवयींमधून होणारे भारतातले तीन नवे कॅन्सर. त्यातला एक कमरेच्या कातडीचा. वर्षानुवर्षं एकाच जागी धोतर आवळायचं. घाम, घर्षण, करकोचा. कातडीचा रंग बदलतो, जखम होते, ती भरत नाही, आणि काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सर.

आता गंमत बघा. सूक्ष्मदर्शकाखाली धोतर दिसत नाही! काश्मिरात लोक थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या चटक्यांनी पोटावर, मांडीवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच लिहिलं होतं. कांगडीचा तुकडा असो की धोतराचा, काचेवर दोन्ही 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'च. कॅन्सर आहे हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो. कशामुळे झाला, हे पेशंटला समोर बसवून विचारणाऱ्यालाच कळतं. एकट्या कुणालाच हा आजार पूर्ण दिसत नाही.

हे जुनं झालं म्हणू नका. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांची हकिगत छापली. एकीला कमरेला परकराची नाडी घट्ट बांधायची सवय, दुसरीला परकराशिवाय लुगडं घट्ट नेसायची. एकीची जखम दीड वर्ष, दुसरीची दोन वर्षं भरत नव्हती. तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

दीड-दोन वर्षं! मला अस्वस्थ करतो तो हा आकडा. आपल्याकडे बाई कमरेची जखम घरात दाखवत नाही. दाखवलीच तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरला. म्हणून पहिली जबाबदारी त्यांची. मलमावर मलम देत न बसता तुकडा तपासायला पाठवायचा. आणि सोबतच्या फॉर्मवर नुसतं 'जखम' न लिहिता कुठे, किती दिवस, तिथे काय घासतं, भाजलं होतं का, हेही लिहायचं. फॉर्म कोरा आला तर पॅथॉलॉजिस्टनं फोन उचलून विचारायचं. त्याला खर्च काहीच नाही.

आणि आपण? तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती आधी सोडा. घरातल्या आई-आजीला एकदा विचारा, नाडीच्या जागी काही दुखतंय का, काळं-पांढरं पडलंय का. नाडी थोडी सैल, पट्टा रुंद, एवढं आजपासून करता येईल. आणि महिनाभरात न भरलेली कुठलीही जखम डॉक्टरला दाखवाच.