नाक्यावरच्या अंमलदाराला जाब

माणूस विकणाऱ्याला शिक्षा व्हावी, हे कोणालाही पटतं. पण ज्याच्या हद्दीतून तो माणूस नेला, त्या अंमलदाराचं काय? हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. त्याचा एक धागा भोर तालुक्यातल्या रांझे गावाशी जातो. २८ जानेवारी १६४६ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रानुसार, रांझ्याच्या बाबाजी गुजराने मोकदमीवर, म्हणजे पाटीलपदावर, असताना बदअमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटिलकी काढून घेतली. ती शिक्षा आज अंगावर येते. पण अधिकारपद ही ढाल नाही, हे त्या पत्रात स्पष्ट आहे.

पुढे कर्नाटकच्या स्वारीत, ऑगस्ट १६७७ मध्ये, महाराजांनी डचांना कौल दिला. आधीच्या राजवटीत चालणारी गुलामांची खरेदी आणि वाहतूक त्यात बंद केली. कोणी गुलाम जहाजावर चढवू लागलाच, तर आमची माणसं अडवतील, असंही बजावलं. नुसती बंदी नव्हे, अडवण्याचं काम सरकारी माणसांच्या गळ्यात घातलं.

पेशवाईत हा धागा तुटला. कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री राजरोस चाले. शिंदळकीच्या आरोपावरून बायकांना बटीक करून किल्ल्यांवर धाडत. सरकारच मालक झालं, मग अडवणार कोण?

कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क कोर्टात टिकेनासा झाला. १८६० च्या दंड संहितेने विकणारा आणि घेणारा गुन्हेगार ठरवला.  पुढे १९५० मध्ये संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींना मनाई केली.

अधिकाऱ्याकडे बोट वळलं ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आली, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या ठरल्या. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करणं सावकारावर आलं. दंड संहितेच्या २०१३ च्या दुरुस्तीने माणसांच्या तस्करीत सामील पोलिसाला किंवा सरकारी नोकराला मरेपर्यंत जन्मठेप ठेवली. अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही किमान ६ महिने सक्तमजुरी आली. आज भारतीय न्याय संहितेत ही कलमं १४३ आणि १९९ आहेत.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या कातकरी वाड्यांतून कोळसाभट्टीवर माणसं जातात ती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन. नवरा-बायको, पोरं, भांडी, कोंबड्या एका टेम्पोत. हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि हंगाम सरला तरी उचल फिटत नाही. या लोकांना घाटात अडवू नये. पोटासाठी कुठेही जाण्याचा त्यांना हक्क आहे. चौकशी व्हावी ती उचलीची. ती केली नाही, तर अंमलदाराने जबाबदारी टाळली असंच म्हणावं लागेल.

तुमच्या वाडीतलं कुटुंब असं अडकलं असेल, तर प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.