आबांची दिल्लीला गेलेली कार्डं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गेल्या महिन्यात माळा आवरताना आबांची हॉकी स्टिक सापडली आणि तिच्याबरोबर एक दोनशे पानी वही. स्टिक सगळ्यांनी पाहिलेली आहे. लहानपणी तिने आम्ही भावंडांनी परसातले पेरू पाडलेत, आणि त्यापायी फटकेही खाल्लेत (पुण्याच्या ताईला आठवत असेल, सगळ्यात जास्त तिलाच बसले होते). वहीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

आबा म्हणजे माझे थोरले काका. मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावच्या सेंटरला हॉकी शिकले आणि पुढे पलटणीच्या टीममधून लेफ्ट हाफला खेळले. १९७४ साली सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कोल्हापुरात आले. आता कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. इथे हॉकीवर जीव टाकणारा माणूस म्हणजे तांबड्या रश्श्याच्या पंगतीत वरणभात मागणारा! पण आबांनी हट्ट सोडला नाही. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. रेडिओवर जसदेव सिंगांचा आवाज चढत गेला, अशोककुमारचा गोल झाला आणि आबांनी मला खांद्यावर घेऊन आख्ख्या वाड्यात फिरवलं. माझी हॉकीची पहिली आठवण ही. दुर्दैवाने बराच काळ तीच शेवटचीही होती.

तर ती वही. तिच्यात आबांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांच्या नकला होत्या. पत्ता एकच : अध्यक्ष, भारतीय हॉकी महासंघ, नवी दिल्ली. तारीख, मजकूर, सही. मजकूर फौजी हिंदीत, मध्येच राग अनावर झाला की मराठीत. वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की आबांनी कार्डं संघ हरल्यावर लिहिलेली नाहीत. कुणाला तरी काढल्यावर लिहिलेली आहेत.

पहिलं कार्ड १९९९ सालचं. त्याची हकीगत तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबर १९९८. बँकॉकचे आशियाई खेळ. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, १-१ बरोबरी, मग पेनल्टी स्ट्रोक. गोलमध्ये आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि आपण ४-२ ने जिंकलो. १९६६ नंतर पहिल्यांदा, म्हणजे बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण! कर्णधार कोण, तर आपला धनराज पिल्ले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायला शिकलेला पोरगा. आडनाव तमिळ, पण बोलणं अस्सल पुणेरी-खडकी मराठी. मी आणि धनराज दोघेही १९६८ चे, त्यामुळे मला उगाच तो वर्गमित्र वाटायचा. प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक, मॉस्कोच्या १९८० च्या सुवर्णविजेत्या संघातले. त्या दिवशी आबा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले.

आणि मग काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला. त्यात धनराज नाही. बल्लाळ नाही. सुवर्ण जिंकलेले आणखीही काही नाहीत. कौशिकनाही नारळ! अधिकृत कारण काय, तर खेळाडूंना विश्रांती दिली आहे. लोक काय समजायचं ते समजले. परदेश दौऱ्यांवरच्या सोयी आणि मॅच फी यांवरून धनराज तोंड उघडून बोलला होता, त्याची ही शिक्षा.

मला तो दिवस चांगला आठवतो. आबा सकाळचा पेपर घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथे सगळी फुटबॉलवाली मंडळी. त्यांना कौशिक कोण हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण 'जिंकून आलेल्याला काढला' हे वाक्य कोल्हापुरात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. एक जण म्हणाला, "आबा, आपल्या तालमीत असं झालं असतं तर?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "तालमीत कमिटीला घरातनं भाईर पडून दिलं नसतं!"

हे खोटं नव्हे. इथला फुटबॉल पाहिलेल्यांना कळेल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... हे नुसते संघ नाहीत, त्या पेठा आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच हरली की त्याच संध्याकाळी कोपऱ्यावर हिशेब सुरू होतो. माझ्या तरुणपणी आमच्या तालमीने (नाव नको) एका सेमीफायनलला चांगल्या सेंटर फॉरवर्डला बाहेर बसवलं आणि हरली. रात्री साडेअकरापर्यंत कोच एका कठड्यावर बसून चाळीस माणसांना उत्तरं देत होता. शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, शेवटी सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली. तो कोच पुढच्या वर्षीही होता. सांगायचा मुद्दा असा, की रागाला तिथे पत्ता होता. माणूस समोर होता.

आबांकडे पत्ता होता तो पोस्टाचा. त्यांनी कार्ड लिहिलं : "महोदय, जीता हुआ कोच क्यों हटाया? फौज में भी कारण बताते हैं. उत्तर की प्रतीक्षा में." उत्तर आलं नाही. येणार कुठून? महासंघाचे अध्यक्ष होते के. पी. एस. गिल, पंजाबात दहशतवाद मोडून काढणारे पोलीसप्रमुख. १९९४ पासून खुर्चीत. असल्या माणसाला कोल्हापूरच्या एका निवृत्त सुभेदाराच्या कार्डाने काय होणार होतं!

दुसरं कार्ड मार्च २००२ चं. तेव्हा क्वालालंपूरलाच विश्वचषक होता. जिथे १९७५ ला जिंकलो तिथेच. मुंबईचे सेड्रिक डिसूझा प्रशिक्षक. जपानशी बरोबरी झाली, पुढचे सामने हरलो, आणि स्पर्धा चालू असतानाच महासंघाने डिसूझांना दूर केलं. अर्ध्या लग्नात भटजी बदलल्यासारखं! संघ दहावा आला. यावेळचं कार्ड छोटं आहे : "युद्ध के बीच में कमांडर नहीं बदलते." बास.

तिसरं २००४ चं. राजिंदर सिंगांच्या हाताखाली आपण २००३ साली पहिल्यांदा आशिया चषक जिंकलो होतो, तोही पाकिस्तानला हरवून. अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांना काढलं आणि जर्मनीहून गेरहार्ड राख आले. खेळाडूंची त्यांची नीट ओळख होईतो ऑलिंपिक संपलं, आपण सातवे. धनराजचं ते चौथं ऑलिंपिक, आणि बराचसा वेळ तो बाकावर बसून होता. या कार्डात आबांनी पहिल्या दोन कार्डांच्या तारखा दिल्या आहेत आणि लिहिलंय, "पूर्व पत्रांचे उत्तर अप्राप्त." सरकारी माणूस, संदर्भ दिल्याशिवाय पत्र लिहीलच कसा!

आता यावर कुणी म्हणेल, की संघ हरला की कुणीतरी जाणारच. क्रिकेटमध्ये नाही का झालं? झालं की. आणि आपल्याच माणसाचं झालं. अजित वाडेकर १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आले तेव्हा मुंबईने डोक्यावर घेतलं. १९७४ साली इंग्लंडमध्ये ३-० हरले, लॉर्ड्सला ४२ धावांत गुंडाळले गेले, तर त्याच मुंबईत त्यांच्या घरावर दगड पडले. इंदूरला उभारलेली विजयाची बॅट विद्रूप केली गेली. मग पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि वाडेकर निवृत्त झाले. तिथे प्रेक्षकांचा राग आणि निवड समितीचा निर्णय एकाच दिशेने गेले. म्हणून तो न्याय्य होता का? मला नाही वाटत. तीन वर्षांपूर्वी हार घालणारे हातच दगड मारत होते.

हॉकीत उलटं झालं. प्रेक्षकांना जे हवे होते ते जात राहिले, आणि ज्यांनी जावं असं वाटत होतं ते राहत गेले. त्यातून रागाचं काय होतं, हे मी आबांमध्ये पाहिलं. तो आटतो.

९ मार्च २००८. चिलीतल्या सँटियागोला ऑलिंपिक पात्रतेचा अंतिम सामना ब्रिटनशी. आपण ०-२ हरलो. १९२८ पासून आठ सुवर्णपदकं मिळवलेला देश पहिल्यांदाच ऑलिंपिकला हॉकी संघ पाठवू शकणार नव्हता. मी घाबरत घाबरत आबांकडे गेलो. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बीपीची गोळी चालू. ते निवांत शेंगा सोलत बसले होते. मी सांगितलं. म्हणाले, "हं. चहा घेणार काय?" प्रशिक्षक ज्योआकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला, हेही सांगितलं. हाच तो मुंबईचा कार्व्हालो, ज्याने धनराजला महिंद्रच्या संघात घडवलं. आबांनी मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.

वहीत २००८ चं कार्ड नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आबांना हवं होतं ते घडलं. महासंघाचे सचिव ज्योतिकुमारन निवडीसाठी पैसे घेताना एका वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात दिसले आणि २८ एप्रिलला भारतीय ऑलिंपिक संघटनेने आख्खा महासंघच निलंबित केला. गिल यांची चौदा वर्षांची कारकीर्द संपली. अस्लम शेर खान यांच्याकडे हंगामी समितीची सूत्रं आली, तेच अस्लम ज्यांनी १९७५ च्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बदली म्हणून येऊन बरोबरीचा गोल केला होता. मी पेपर घेऊन धावत गेलो. वाटलं, आज तरी पेढे आणतील. आबा म्हणाले, "बैल गेला नि झोपा केला." संपलं. टपरीवर तर विषयही निघाला नाही. तेव्हा आयपीएल नुकतीच सुरू झाली होती ना!

आबा २०११ साली गेले. त्यानंतरही प्रशिक्षक येत-जात राहिले. ऑस्ट्रेलियाचे नॉब्स आणि वॉल्श, हॉलंडचे व्हॅन आस आणि ओल्टमन्स. कुणी राजीनामा दिला, कुणाला काढलं. खरं सांगायचं तर मी लक्ष ठेवणं सोडून दिलं होतं. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत जर्मनीला ५-४ हरवून एकेचाळीस वर्षांनी पदक मिळालं, शेवटच्या क्षणी श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला, तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पडलो बिडलो की काय. त्याच्या तीनच महिने आधी, ८ मे ला, कौशिक करोनाने गेले होते. पेपरात बातमी छोटी होती.

आणि जानेवारी २०२३ ला ओडिशातल्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून आपण बाहेर पडलो, टोकियोचं पदक मिळवून देणारे ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला, तेव्हा मला चक्क राग आला. ताईला फोन करून अर्धा तास भांडलो. ती म्हणाली, "अरे, त्याने स्वतःहून दिलाय. आणि तू आबांसारखा काय ओरडतोयस?"

असो. वहीबद्दल एक सांगायचं राहिलं.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचा अंतिम सामना, १ डिसेंबर. पाकिस्तानकडून १-७. गोलरक्षक मीररंजन नेगी. संघ सगळा पुढे धावलेला आणि मागे हा एकटा, असं नंतर जाणकारांनी लिहिलं. पण त्या वेळी लोकांनी त्याला देशद्रोही ठरवलं, पैसे खाल्ले म्हणाले. आमच्या घरातही म्हणाले. कोण म्हणालं ते मला आठवतं. रेडिओ बंद करून आबा जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही.

तो नेगी पुढे मुंबईत कस्टम्समध्ये नोकरी करत राहिला. १९९८ च्या बँकॉकच्या संघात बल्लाळला तयार करणारा गोलरक्षक-प्रशिक्षक तोच होता. त्यालाही पुढे ठेवलं नाही. २००७ साली 'चक दे इंडिया' आला, तेव्हा पेपरांत नेगीची हकीगत सविस्तर छापून आली. मी आबांना सिनेमाला घेऊन गेलो होतो. येताना रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, वयामुळे दमले असतील.

वहीच्या मधल्या एका पानावर, दिल्लीच्या कार्डांपासून चार-पाच पानं सोडून, आबांच्या अक्षरात एवढंच आहे :

"श्री. मीररंजन नेगी, मुंबई. स. न. वि. वि. दि. १ डिसेंबर १९८२ रोजी मी"

पुढे पान कोरं आहे.